लांबून काढलेला चेहरा

१

मास्तर वरच्या मजल्यावरून अंगणात पडले, तेव्हा त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता.

जीव द्यायला निघालेला माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून जात नाही, असं मी ठाण्यात जाऊन सांगितलं. माझ्या खुर्चीत आता एक तरुण साहेब बसतो. तो म्हणाला, "फोटोग्राफर होते ना. सवय असते." मग शिंपी काय मशीन उचलून उडी मारतो? पण निवृत्त माणसाचं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी आत्महत्या लिहिली आणि फाईल बांधून टाकली.

खरं तर मीही गप्प बसलो असतो. मास्तरांवर माझं काही प्रेम नव्हतं. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या स्टुडिओत काढलेला माझा फोटो बैठकीच्या खोलीत टांगलाय, त्यात माझ्या नाकाचं वांगं झालंय. बायको तेव्हाच म्हणाली होती, "हे नाक तुमचं नाही हो." मी तिलाच गप्प केलं. कॅमेरा कशाला खोटं बोलेल? मास्तरांच्या काउंटरवर तर पाटीच होती: आरसा तुमची भीड धरतो, कॅमेरा धरत नाही.

चार दिवसांनी मास्तरीणबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. निवृत्त झालो तरी गावात सगळे मला फौजदारच म्हणतात. त्याही तेच म्हणाल्या.

"फौजदार, मला एकच सांगा. मी मारलं का त्यांना?"

मी त्यांना बसवलं. त्या खुर्चीच्या काठावर बसल्या.

"सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं," त्या म्हणाल्या. "ते बोलले, मी बोलले. मग माझ्या तोंडून गेलं, रोज उठून बोलण्यापेक्षा वरून उडी टाका एकदाची. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. आणि दुपारी त्यांनी टाकली."

"रागात माणूस काहीही बोलतो, बाई."

"दीर माझ्याशी बोलत नाही. पोरगी ताट वाढते, पण वर बघत नाही. शेजारीण परवा सांगत होती, हिनं जिभेनं नवरा खाल्ला. मला डोळा लागत नाही. हो असेल तर हो सांगा. पण काय ते सांगा."

म्हातारीला मी शब्द दिला. द्यायला नको होता, हे मला आठवडाभरानं कळलं.

२

खाली काउंटर, मध्ये घर आणि सगळ्यांत वर स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक लांबुळकी खोली. एका टोकाला पडदा, त्यापुढे गिऱ्हाइकाचं स्टूल आणि स्टुलावर रोखलेले दिवे. दुसऱ्या टोकाच्या भिंतीत बाहेर उघडणारं लाकडी दार, आणि दाराबाहेर काही नाही, थेट खाली अंगण. जिना अरुंद म्हणून पडदे आणि कोच दोरीनं या दारातून वर ओढून घ्यायचे. एरवी दाराला आडवा लोखंडी अडसर. दिवे लागले की खोलीचं हे टोक काळोखात जातं.

मास्तरांचा धाकटा भाऊ माझ्या मागे किल्ल्या खुळखुळवत फिरत होता. काउंटर तो सांभाळतो. गावात त्याला धाकटेच म्हणतात, टक्कल पडलं तरी.

"त्या दिवशी अडसर कुठे होता?" मी विचारलं.

"हा इथे, कोपऱ्यात. भिंतीला टेकवून नीट उभा केलेला. दादांना टापटीप लागायची."

"जीव देतानाही?"

धाकटे हसले. हसायची वेळ नव्हती, पण या घरात वेळकाळ बघून हसायची पद्धतच नव्हती.

मी लेन्सचं कपाट उघडलं. आत जांभळ्या मखमलीत तीन खळगे होते. एकात आखूड लेन्स होती. एक रिकामा होता, कारण ती लेन्स कॅमेऱ्याला लावलेली आणि कॅमेरा पोलिसांनी परत करून टेबलावर ठेवलेला. तिसरा, सगळ्यांत लांब खळगाही रिकामा होता.

"यातली कुठे गेली?"

"एकशे पस्तीस होय? विकली असेल दादांनी." त्यांनी खांदे उडवले.

"मला यातलं काही कळत नाही. नीट सांगा."

मग मात्र ते खुलले. माणसाला आपल्याला येतं ते सांगायला आवडतंच. म्हणाले, "सोपं आहे. ही आखूड म्हणजे पस्तीस मिलिमीटरची. हिच्यात खूप मावतं, म्हणून चौकटीत नुसता चेहरा भरायचा तर माणसाच्या अंगावर जावं लागतं. पंच्याऐंशीला खोलीच्या मध्यावर उभं राहायचं. एकशे पस्तीस लावली की पार मागे. दादा कॅमेऱ्याचं तिकाटणं वापरायचे नाहीत. डोळा कॅमेऱ्याला लावून उलटं चालत जायचे, चेहरा चौकटीत बसला की थांबायचे. एकशे पस्तीसला तर दाराला पाठ टेकायची, तेव्हा बसायचा. लांब लेन्सला हात जरा हलला की फोटो गेला, म्हणून ते दारावर अंग टाकून श्वास रोखायचे."

"आणि कुणाला कुठली लावायची, हे कसं ठरवायचे?"

"मर्जी," धाकटे म्हणाले आणि माझ्या नाकाकडे बघून पुन्हा हसले.

डार्करूमच्या दोरीवर काही फोटो वाळत होते. त्यात एका बाईचा मोठा फोटो होता. पस्तिशीची असेल. शांत चेहरा, सरळ नाक, कान मोकळे, डाव्या भुवईत एक बारीक खाच. ती खाच नसती तर चेहरा नुसता सुंदर म्हणून विसरून गेलो असतो.

"ही कोण?"

धाकट्यांनी चष्मा वर करून बघितलं. "असेल कुणी गिऱ्हाईक. छान आहे, नाही?"

जिन्यात मास्तरांच्या मुलीचे फोटो ओळीनं लावलेले. घरात तिला ताई म्हणतात. दर वाढदिवसाला एक, लहानपणापासूनचे. मी ठाण्यात बरीच तोंडं बघितली आहेत, पण हे बघवेना. नाक पुढे आलेलं, गाल फुगलेले, कान कुठल्या कुठे मागे गेलेले, डोळे त्या नाकाच्या दोन बाजूंना दडलेले. बापानं स्वतःच्या हातानं चौकट करून ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे टांगले होते.

ताई मधल्या मजल्यावरच्या खोलीत निगेटिव्हवर वाकून बसली होती. खालून दिवा लावलेली काच, हातात टोकदार पेन्सिल. लोकांच्या सुरकुत्या, फोड, डाग ती तिथेच पुसायची. तिच्यासारखं रिटचिंग गावात कुणाला येत नव्हतं. तिनं वर बघितलं ते नाकावर तळहात धरून. तिची सवयच होती ती. गिऱ्हाइकांशीही ती तशीच बोलायची.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"इथेच."

"काही ऐकलंस?"

"काहीतरी पडल्याचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर बाबा. मग काकांना सांगायला धावले."

"आईनं सकाळी म्हटलं म्हणून त्यांनी उडी मारली असेल, असं वाटतं तुला?"

तळहाताच्या वरून तिचे डोळे माझ्यावर स्थिर झाले.

"आई म्हणाली होती खरी," ती म्हणाली आणि पुन्हा काचेवर वाकली.

मी अंगणात उतरलो. मास्तर पडले तिथे फरशी धुतलेली होती. पण भिंतीच्या कडेला, खोक्यांच्या फटीत, काहीतरी चमकलं. वाटाण्याएवढा जाड काचेचा तुकडा. उजेडात धरला तर त्यावर साबणाच्या फुग्यासारखी जांभळी झाक आली. मी वर जाऊन टेबलावरचा कॅमेरा पुन्हा पाहिला. कोपरा चेपला होता, आत रीळ नव्हतं. पण त्याच्या लेन्सला साधा चराही गेला नव्हता.

३

काचेचं कुणाला विचारायचं तर चष्मेवाल्याला. त्याचं दुकान चौकात आहे. मऊ बोलणारा गृहस्थ, दुकानातच कोपऱ्यात त्याच्या दोन मुली अभ्यास करत होत्या.

त्यानं तुकडा डोळ्याशी धरला. "कॅमेऱ्याच्या लेन्सचा आहे. हा जांभळा लेप दुसऱ्या कशाला नसतो. मोठ्या लेन्सचा. मास्तरांचा का?"

"कसं ओळखलंत?"

त्यानं मुलींना पाण्याची बाटली भरून आणायला पाठवलं.

"मी ताईला मागणी घातली होती," तो म्हणाला. "लग्नाच्या आधी, माझ्या. मास्तर हसले. म्हणाले, 'घेऊन जा, पण आधी हा बघा,' आणि तिचा फोटो पुढे केला. मला भिंगांचं कळतं. मी म्हटलं, 'मास्तर, हा फार जवळून काढलाय. नाकाच्या टोकाशी जाऊन बघितलं तर कुणाचंही नाक डोंगर दिसेल आणि कान गायब होतील.' तर म्हणाले, 'पस्तीसनंच काढतो पोरीला. घरात राहते. असा हात मला पगार देऊन तरी मिळेल का?'"

"तुम्ही काय केलंत?"

"ताईला निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, माझी चेष्टा करू नका. तिला वाटलं, असल्या तोंडाला कोण मागणी घालतंय."

"मग तिला खरं सांगायचं ना!"

त्यानं काउंटर पुसायला घेतलं. "तरुण होतो. अपमान झाला होता. मग माझं लग्न झालं."

मला त्याला चार शिव्या हासडाव्याशा वाटल्या. माझाच फोटो डोळ्यांपुढे आला. एकदा मी मास्तरांची स्कूटर उचलून ठाण्यात लावली होती. त्याचा सूड मी चौकट करून भिंतीवर टांगला होता आणि बायकोवर ओरडलो होतो. पण माझं नाक म्हातारपणी गेलं. त्या पोरीचं सबंध आयुष्य गेलं होतं.

"मास्तर हे बोलले तेव्हा तिथे आणखी कोण होतं?"

"मास्तरीणबाई होत्या. शेजारीच बसून लेन्सा पुसत होत्या."

"काही म्हणाल्या?"

"नाही. पुसत होत्या." त्यानं फडक्याची घडी घातली. "मागच्या महिन्यात ताई चष्म्याचा नंबर तपासायला आली. तोंडावरचा हात काढावाच लागतो ना तपासताना. मला राहवलं नाही. आरसा दिला हातात आणि सगळं सांगितलं. म्हटलं, आता तरी कळू दे. मला वाटलं, तिला आनंद होईल."

"झाला?"

"तिनं आरसा पालथा ठेवला आणि विचारलं, 'आईला ठाऊक होतं?'"

४

मी परत गेलो तेव्हा ताई एकटीच होती. दोरीवरचा फोटो मी खाली उतरवून आणला होता. तो तिच्या प्रकाशाच्या काचेवर ठेवला.

"भुवईतली ही खाच जिन्यातल्या प्रत्येक फोटोत आहे," मी म्हटलं. "काकांनी तुला ओळखलं नाही. मीही नाही ओळखलं. हात काढ एकदा तोंडावरचा."

तिनं हात मांडीवर ठेवला. फोटोतली बाई माझ्यासमोर बसली होती.

"आता मी सांगतो, चुकलं तर थांबव," मी म्हटलं. "कॅमेऱ्याला पंच्याऐंशी होती. ती असली की मास्तर खोलीच्या मध्यावर थांबतात. म्हणजे ते दारापर्यंत गेले ते आपल्या मनानं गेले, असंच कुणीही म्हणेल. पण पंच्याऐंशीला चरा नाही आणि अंगणात दुसऱ्याच लेन्सची काच सांडलीय. पडताना कॅमेऱ्याला एकशे पस्तीस होती. तिला पाठ दारावर टेकावी लागते. दाराचा अडसर कुणीतरी आधीच काढून ठेवला होता आणि दिव्यांमागच्या काळोखात मास्तरांना तो दिसला नाही. मग त्या कुणीतरी सगळ्यांच्या आधी अंगणात जाऊन लेन्स बदलली. काकांना बातमी तू दिलीस."

"पुढे?"

"कॅमेऱ्यात रीळ नव्हतं. फोटो काढता काढता माणूस मेला आणि रीळ नाही. कारण त्यावर स्टुलावर बसलेल्याचा चेहरा होता. तू रीळ जाळलं असतंस तर मी कपाळ बडवत बसलो असतो."

"जाळणारच होते." तिचा आवाज सपाट होता. "म्हटलं, एकदा धुवून बघू. बघितलं आणि मग जाळायला हात धजला नाही. फोटो छापला, वाळत टाकला. म्हटलं, इथे ओळखणारं कोण आहे?"

तिनं टेबलाचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेली फुटकी लेन्स माझ्यासमोर ठेवली. मी काही मागितलं नव्हतं.

"मी म्हटलं, बाबा, आज मला एकशे पस्तीसनं काढा. हसले. म्हणाले, 'शेजारच्या गावातून काढला तरी नाक तेच राहणार.' पण काढायला आले. त्यांना चेष्टा पुरी करायची असायची. मागे मागे गेले. दार फुगलेलं आहे, नुसती पाठ लागली तेव्हा उघडलं नाही. पहिला फोटो निघाला. मग कॅमेऱ्यातूनच बघत म्हणाले, 'हनुवटी खाली. हां. बरी दिसतेस की तशी.'"

"तेव्हा थांबवता आलं असतं त्यांना."

"आलं असतं."

"मग?"

"इतक्या सहज म्हणाले ते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या फोटोसाठी त्यांनी अंग टाकलं."

खाली काउंटरवर धाकटे कुणाला तरी पासपोर्टच्या फोटोचे भाव सांगत होते. ते ऐकू येत होतं.

"आई रात्र रात्र जागी असते," मी म्हटलं. "तिला वाटतं, आपल्या बोलण्यानं नवरा गेला."

"असू दे."

"असं कसं असू दे?"

"पस्तीस तीच पुसून त्यांच्या हातात द्यायची. दर वाढदिवसाला. माझे केस विंचरायची, स्टुलावर बसवायची आणि मग लेन्स पुसायची." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ, हात न धरता बघितलं. "पकडली जाईन म्हणून नाही बदलली मी लेन्स, फौजदारकाका. आई सकाळी जे बोलली ते फुकट जाऊ नये म्हणून बदलली. तुम्ही मला घेऊन चला. पण तिला तेवढं सांगू नका."

"मी शब्द दिलाय तिला."

"मग ती सुटली," ताई म्हणाली आणि पेन्सिलीचं टोक कागदाच्या पुडीत नीट गुंडाळून ठेवलं.

५

ठाण्यात आरोपीचा फोटो काढायची खोली म्हणजे कोठाराचा कोपरा आहे. हवालदारानं कॅमेरा तिच्या तोंडासमोर धरला.

"थोडं मागे जाऊन काढाल?" ताई म्हणाली.

"मागे भिंत आहे, बाई."

"मग मीच सरकते मागे."

"तुमच्या मागेही भिंतच आहे. हलू नका."

मी तिथे उभा होतो. काहीतरी करायला हवं होतं, काय ते सुचलं नाही. तिचा हात नाकाकडे जायला लागला, हवालदारानं तो खाली करायला लावला आणि फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर होता. नाक पुढे, कान गायब. खाली बापाची मारेकरीण म्हणून लिहिलेलं. दुधाच्या दुकानात लोक म्हणत होते, तोंडावरूनच कळतं.

६

मास्तरीणबाई जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर तेच वर्तमानपत्र. धाकटे बातमी सांगून निघून गेले होते. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. अडसर, दोन लेन्सा, रीळ. लेन्स का बदलली, तेही सांगितलं. ताईनं नको म्हटलं होतं तरी सांगितलं. चांगुलपणानं सांगितलं असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता.

त्या न रडता ऐकत होत्या.

"म्हणजे माझ्या बोलण्यानं नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"ते स्वतःहून गेले नाहीत."

"नाही, बाई."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, चहा घेणार का? इतक्या दिवसांनी आज जरा पडावंसं वाटतंय, असंही म्हणाल्या. पोटची पोर कोठडीत होती आणि त्यांना झोप येत होती. मी चहाला नको म्हटलं.

मग मी पाकिटातून तो मोठा फोटो काढला. पुरावा म्हणून मूळ ठाण्यात होता, ही दुसरी प्रत मी मुद्दाम करून घेतली होती. त्यांच्या पुढ्यात धरला.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, डोळे थकले असतील. मी खिडकी उघडली. त्यांनी फोटो उजेडाकडे वळवला, लांब धरला, जवळ घेतला.

"ताई आहे," मी म्हटलं. "तुमची मुलगी. मास्तरांनी काढलेला शेवटचा फोटो."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. भुवईतल्या खाचेवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. ती खाच कशी पडली, हे आईला ठाऊक असणार. मी वाट बघत होतो.

"रिटच केलंय," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई. निगेटिव्ह मी स्वतः बघितलीय. पेन्सिलीची एक रेघ नाही तिच्यावर."

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. तिचा हातच तसा आहे." त्यांनी फोटो मला परत दिला, मांडीवरचं वर्तमानपत्र सरळ केलं आणि पहिल्या पानावरच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "माझी ताई ही."